बसतंय म्हणजे चालतंय असं नव्हे

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या फौंड्रीच्या ऑफिसात डोकावलात, तर टेबलाखाली २०११-१२ सालचा असेंबल्ड पीसी अजून घरघरताना दिसेल. बिले, टॅली, पॅटर्नची ड्रॉइंगे, सगळा संसार त्याच्यावर. मशीन फारच रखडायला लागले की मालक राजारामपुरीतल्या हार्डवेअरवाल्याला बोलावतो. कॅबिनेट उघडले की आत ‘एच६१’ चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर निघतो. जुन्या मालात आय७ मिळतोय, तो टाकायचा का, असा विषय निघतो. मालकाचा प्रश्न एकच असतो, ‘ह्यात बसतंय काय?’ आणि उत्तरही ठरलेले, ‘बसतंय की!’

समजा, त्या बोर्डावर तीन प्रोसेसर आळीपाळीने बसवून पाहिले. पहिला आय७-२६००. तो चालू झाला, पण मोठे काम दहा-पंधरा मिनिटे सलग दिले की एकदम मंदावतो. दुसरा आय७-३७७०. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. तिसरा झिऑन ई३-१२३० व्ही२, सर्व्हरमधून निघालेला. त्यालाही डिस्प्ले नाही. आय७-३७७० ज्या उपायाने पुढे सुरू झाला, तोच उपाय करूनही याचा पडदा काळाच. तिन्ही प्रोसेसर चांगले आहेत, तिन्ही एकाच सॉकेटचे आहेत, खाचेत विनातक्रार बसले आहेत. तरी एकाचेही धड नाही, आणि तिघांची दुखणी वेगवेगळी.

जुन्या बोर्डावर सर्वांत वेगवान प्रोसेसर कोणता चालेल, या प्रश्नाचे उत्तर या तीन दुखण्यांत आहे. ते प्रोसेसरच्या डबीवर छापलेले नसते. बोर्डाला विचारावे लागते.

सॉकेट: पहिली चाळणी, शेवटची नव्हे

प्रोसेसर बसतो त्या चौकोनी घराला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांवर २००४ पासून सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात आणि प्रोसेसरच्या पोटाला सोनेरी ठिपके. जितके ठिपके, तेवढा सॉकेटचा आकडा. पेंटियम ४ च्या उत्तरार्धापासून कोअर २ क्वाडपर्यंत ७७५ चे राज्य होते. २०११ मध्ये दुसऱ्या पिढीचे आय३, आय५, आय७ आले ते ११५५ वर. त्याआधीच्या पहिल्या पिढीचा सॉकेट ११५६ होता, म्हणजे फरक एका ठिपक्याचा. पण खाचांची जागाही बदललेली असल्यामुळे आय७-८६० एच६१ बोर्डात जातच नाही. हे बरे झाले. जे बसत नाही त्याचा घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो बसणाऱ्यांचा. सहाव्या-सातव्या पिढीचा सॉकेट ११५१ आणि आठव्या-नवव्या पिढीचाही ११५१. आकडा तोच, खाचाही त्याच. पण २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा इंटेलने काही ठिपक्यांची कामे बदलली आणि वीज आत नेणारे ठिपके वाढवले. त्यामुळे एच११० बोर्डावर आय५-८४०० अलगद बसतो आणि चालत मात्र नाही. दुकानात ‘११५१ आहे’ एवढ्यावर सौदा करणारा इथे फसतो.

भोगावती किंवा पंचगंगेच्या काठी नदीवरून पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. ५ एचपीची मोटर उतरवून तिच्याच जागी १० एचपीची ठेवली, फौंडेशनचे बोल्ट जुळले, म्हणून काम झाले असे तो कधी मानत नाही. केबल तेवढा करंट सोसेल का, स्टार्टर केवढ्याचा आहे, महावितरणने मंजूर केलेला भार किती, हे तो आधी बघतो. सॉकेट म्हणजे फक्त ते बोल्ट.

आय७-२६०० का दमतो?

आता केबल आणि स्टार्टर. एसएमपीएसमधून प्रोसेसरसाठी येणारी वीज १२ व्होल्टची असते. प्रोसेसरला मात्र एक-सव्वा व्होल्ट लागतात. हे रूपांतर बोर्डावरच होते. सॉकेटच्या शेजारी ओळीने लावलेले चौकोनी ठोकळे दिसतात ते चोक, आणि त्यांच्या बाजूच्या चपट्या काळ्या चिपा म्हणजे मॉसफेट. या दोघांची मिळून एक ‘फेज’. जितक्या फेज जास्त, तितका भार वाटला जातो.

ढोबळ हिशेब करून बघा. आय७-२६०० ची उष्णतामर्यादा ९५ वॉट. म्हणजे पूर्ण कामावर असताना तो साधारण एवढी वीज खातो. ९५ भागिले १.२ व्होल्ट, म्हणजे जवळपास ८० अँपिअर. नखाएवढ्या जागेतून ८० अँपिअर! व्होल्टेज उतरले की तेवढ्याच कामासाठी मोटर जास्त करंट ओढते, हे उन्हाळ्यात कमी दाबाने मोटर जाळून घेतलेल्याला पाठ असते. तोच नियम इथे आहे.

आय३-२१०० ची मर्यादा ६५ वॉटची. स्वस्त एच६१ बोर्ड अशाच प्रोसेसरवर डोळा ठेवून बनवलेले. तीन-चार चोक, मॉसफेटवर हीटसिंकचा पत्ता नाही. त्यावर आय७-२६०० टाकला की सुरुवातीची काही मिनिटे तो ३.४ ते ३.८ गिगाहर्ट्झने पळतो. मग मॉसफेट तापतात, बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरला आवर घालतो आणि वेग पार १.६ गिगाहर्ट्झपर्यंत उतरतो. मालकाला वाटते आय७ खराब निघाला. खराब काही नाही. ५ एचपीच्या केबलवर १० एचपीची मोटर चालली आहे.

इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नंतरच्या पिढीचा आय७-३७७० हा आय७-२६०० पेक्षा थोडा वेगवान आहे, तरी त्याची मर्यादा ७७ वॉट. कारण दुसरी पिढी ३२ नॅनोमीटर पद्धतीने बनत होती आणि तिसरी २२ वर गेली. ट्रान्झिस्टर लहान झाले, तेवढ्याच कामाला वीज कमी लागू लागली. म्हणून जुन्या बोर्डासाठी त्याच सॉकेटमधली शेवटची पिढी बहुधा वेगाने सरस आणि विजेने सोशीक असते. ‘जास्त पॉवरचा’ प्रोसेसर शोधू नका, उशिरा आलेला शोधा.

चिपसेटचा शब्द

एच६१ हे नाव चिपसेटचे. प्रोसेसर आणि बाकीचे भाग (हार्ड डिस्क, यूएसबी, नेटवर्क) यांच्यातला व्यवहार बोर्डावरची ही मोठी चिप सांभाळते. कोणत्या पिढीपर्यंत ओळख ठेवायची, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

७७५ च्या काळात तिचा शब्द अगदी शेवटचा असायचा. तेव्हा प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यामधल्या रस्त्याला फ्रंट साइड बस म्हणत. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसची मूळ गती गुणिले प्रोसेसरचा ठरलेला गुणक. कोअर २ क्वाड क्यू९६५० चा गुणक ९ आणि बस ३३३ मेगाहर्ट्झची. ३३३ गुणिले ९, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ. (एका ठोक्यात चारदा माहिती जाते म्हणून जाहिरातीत हीच बस १३३३ होते.) पण बोर्डाची बस २६६ च्या पुढे जात नसेल, तर हा महागडा प्रोसेसर, मुळात चालू झालाच तर, २६६ गुणिले ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झने चालेल. २.४ गिगाहर्ट्झचाच क्यू६६०० याच्या आधीपासून मिळत होता. कागदावर ७७५ चा राजा क्यूएक्स९७७०. त्याला १६०० ची बस आणि १३६ वॉट लागतात. आपल्याकडे ऑफिसा-ऑफिसात दिसणाऱ्या जी३१ आणि जी४१ बोर्डांनी त्याचे नाव काढू नये.

११५५ येईपर्यंत ती बस गेली होती. मूळ गती सगळीकडे १०० झाली आणि गुणक प्रोसेसरकडेच राहिला. तरी चिपसेटने अडवायचे सोडले नाही. सहा-मालिकेतल्या एच६१, एच६७, पी६७ आणि झेड६८ यांना बायोस बदलून तिसरी पिढी चालते. पण त्याच मालिकेतल्या क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ यांना इंटेलने ती अधिकृतपणे दिलीच नाही. कंपन्यांतून लिलावात निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स ९९० क्यू६७ वर आहेत. वरकरणी एच६१ पेक्षा उच्चभ्रू, आणि तरी त्यांची वाट आय७-२६०० च्या आसपास संपते. स्वस्त बोर्ड पुढे गेला, भारी बोर्ड मागे राहिला.

आणखी एक. नावामागे ‘के’ असलेला आय७-३७७०के वेग वाढवता येतो म्हणून महाग असतो. एच६१ वर ही सोय चालत नाही. ते पैसे वाया.

पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

आता दुसरे दुखणे. आय७-३७७० च्या बाबतीत सॉकेट ठीक, चिपसेट ठीक, वीजही पुरते. मग पडदा काळा का?

संगणक चालू होताच सर्वांत आधी बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम चालतो, तो बायोस. सॉकेटमध्ये कोण बसले आहे, हे तो ओळख क्रमांकावरून तपासतो आणि त्या प्रोसेसरसाठीच्या बारीक सूचना त्याला देतो. या सूचनांना मायक्रोकोड म्हणतात. एच६१ बोर्ड २०११ च्या सुरुवातीला बाजारात आले. तिसरी पिढी आली एप्रिल २०१२ मध्ये. २०११ साली बनलेल्या बोर्डाच्या बायोसला आय७-३७७० चा ओळख क्रमांक माहीत असण्याचे कारणच नाही. समोर अनोळखी, म्हणून तो पुढे सरकतच नाही. पंखाही फिरतो तो केवळ वीज मिळते म्हणून.

उपाय म्हणजे बायोस अपडेट. तो करायचा तर संगणक चालू हवा आणि चालू करायला जुना प्रोसेसरच हवा. म्हणून आधी आय३-२१०० ठेवून बायोस बदलायचा, मगच आय७ बसवायचा. क्रम चुकला की हार्डवेअरवाल्याकडे दुसऱ्या पिढीचा एखादा पेंटियम तासाभरासाठी उसना मागायची वेळ येते. अपडेट चालू असताना लाइट गेली तर अर्धवट लिहिलेल्या बायोससह बोर्ड मुका होतो. यूपीएस आहे, एवढे पुरत नाही. त्याची बॅटरी खरोखर दहा मिनिटे धरते का, ते आधी प्लग काढून बघावे. २०१२ च्या मध्यानंतर घेतलेल्या बोर्डांत बऱ्याचदा नवा बायोस आधीच असतो, तेव्हा ही सर्कस टळते.

बायोसच्या चिपेत जागाही मोजकीच. एएमडीच्या एएम४ सॉकेटची कथा यासाठी सांगण्यासारखी आहे. २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हाच्या अनेक बोर्डांवर बायोससाठी १६ मेगाबाइटची चिप होती. प्रोसेसरच्या पिढ्या वाढत गेल्या, प्रत्येकीच्या सूचना कोंबायच्या कुठे? कुणी बायोसचे देखणे मेनू काढून साधे केले, कुणी जुन्या प्रोसेसरचा आधार वगळला. पहिल्या ३००-मालिकेच्या बोर्डांना रायझन ५००० चा अधिकृत आधार २०२२ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी मिळाला. पाच वर्षांच्या बोर्डाला असे दुसरे आयुष्य क्वचित मिळते.

इंटेलचे स्वतःचे बोर्ड असणाऱ्यांचे मात्र हाल आहेत. डेस्कटॉप मदरबोर्डच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे इंटेलने २०१३ मध्ये जाहीर केले, आणि २०१९ च्या अखेरीस जुन्या बोर्डांच्या बायोस फायली आपल्या संकेतस्थळावरून काढायला घेतल्या. हौशी लोकांनी त्या इतरत्र जपून ठेवल्या आहेत, पण नाव-नंबर तंतोतंत जुळल्याशिवाय तिथली फाइल बोर्डात घालू नये.

चौकट: बोर्डाचे नाव कुठे वाचायचे?

‘एच६१ बोर्ड’ हे नाव नव्हे, ती जात झाली. पूर्ण मॉडेल बोर्डावरच, बहुधा कार्डांच्या स्लॉटमध्ये किंवा सॉकेटजवळ, ठळक छापलेले असते. कोपऱ्यात ‘रेव्ह’ आणि पुढे १.० किंवा २.१ असा आकडा असतो, तोही टिपून घ्या. गिगाबाइटसारख्या कंपन्या एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या रेव्हिजनसाठी प्रोसेसरच्या वेगवेगळ्या याद्या देतात. कॅबिनेट उघडायचे नसेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उतरवा. ‘मेनबोर्ड’ या पानावर मॉडेल, चिपसेट आणि बायोसची आवृत्ती एकत्र दिसते. मग बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची ‘सीपीयू सपोर्ट’ यादी काढा. प्रत्येक प्रोसेसरसमोर कोणत्या बायोस आवृत्तीपासून तो चालतो, ते लिहिलेले असते. जुना प्रोसेसर विकत घेताना त्याच्या धातूच्या झाकणावर कोरलेले मॉडेल दुकानातच वाचा. पेस्ट पुसायला लावा, लाजू नका.

झिऑनचे काय?

तिसरे दुखणे सर्वांत फसवे. झिऑन ई३-१२३० व्ही२ म्हणजे चार कोअर, आठ थ्रेड, ३.३ ते ३.७ गिगाहर्ट्झ आणि फक्त ६९ वॉट. बायोस नवा केल्यावर एच६१ चे बरेच बोर्ड त्याला स्वीकारतात. पडदा तरी काळा, कारण त्याच्यात ग्राफिक्सच नाही. जी३१, जी४१ च्या काळात चित्र चिपसेट काढायचा. ११५५ वर ते काम प्रोसेसरकडे गेले आणि बोर्डावरचे व्हीजीएचे भोक नुसते भोक उरले. संगणक आत बऱ्याचदा व्यवस्थित चालू असतो, फक्त दिसत काही नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावले की झिऑन लगेच दिसू लागतो.

जुने झिऑन हा जुगाडू लोकांचा आवडता विषय आहे. ७७५ च्या काळात तर सर्व्हरचे ७७१ ठिपक्यांचे झिऑन ७७५ च्या बोर्डात बसवायची युक्ती जगभर चालली. सॉकेटच्या बाजूचे प्लॅस्टिकचे दात कापायचे, दोन ठिपक्यांची अदलाबदल करणारा बारीकसा स्टिकर प्रोसेसरच्या पोटाला चिकटवायचा आणि बायोसमध्ये मायक्रोकोड घालायचा. झिऑन ई५४५० असा बसवला की जवळपास क्यू९६५० हाती येतो. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही युक्ती ऐकून हात शिवशिवतील. हौस म्हणून जरूर करावी, बिलिंगच्या मशीनवर करू नये.

मग उत्तर काय?

११५५ सॉकेटमधला कागदावरचा सर्वांत वेगवान प्रोसेसर झिऑन ई३-१२९० व्ही२, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. ८७ वॉटचा आहे, जुन्या मालात सहजी मिळत नाही आणि अनेक बोर्डांच्या यादीत त्याचे नावच नसते. त्यामुळे साध्या एच६१ बोर्डाचे व्यवहारातले उत्तर आय७-३७७०. बोर्डावर तीनच चोक दिसत असतील, तर मी आय५-३४७० वर थांबेन. चार खरे कोअर, ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, आणि बोर्डाला धाप लागत नाही.

पण किती फरक पडेल? आय३-२१०० चा वेग ३.१, आय७-३७७० चा जास्तीत जास्त ३.९ गिगाहर्ट्झ. एका वेळी एकच कोअर वापरणाऱ्या कामात, म्हणजे टॅली किंवा श्रीलिपीत टाइप करणे यात, पाव-एक भागाचा फरक, तोही प्रत्येक वेळी जाणवेलच असे नाही. जे काम सगळ्या कोअरवर वाटले जाते, तिथे मात्र हा प्रोसेसर दुपटीहून पुढे जातो. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या कामातून आलेल्या ऑटोकास्टसारख्या सॉफ्टवेअरवर साच्यात धातू कसा थिजेल, पोकळी कुठे राहील, हे ओतण्याआधी पाहता येते. अशा आकडेमोडीला जादा कोअर कामी येऊ शकतात. वाढदिवसाच्या वीस फुटी फ्लेक्सची फाइल उघडताना संगणक गुडघे टेकतो, ते मात्र सहसा रॅम आणि डिस्कमुळे. प्रोसेसरला उगाच शिव्या बसतात.

फिरती हार्ड डिस्क एका सेकंदात इकडून-तिकडून जेमतेम शंभरएक तुकडे वाचते. साधी एसएसडी हजारोंनी वाचते. एच६१ चे डिस्क-जोड जुन्या, ३ गिगाबिटच्या गतीचे आहेत, तरी हा फरक टिकतो. एच६१ वर १६ जीबीपर्यंत रॅम लावता येते. जी३१ ४ जीबीवरच थांबतो, तिथे क्वाड टाकून फारसे हाती लागत नाही. पैसे मोजके असतील तर आधी एसएसडी, मग रॅम, मग प्रोसेसर.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सुरुवात आठव्या पिढीपासून होते. ११५५ वरचा सर्वोत्तम प्रोसेसरही त्या यादीत येत नाही. लिनक्सवर किंवा इंटरनेटला न जोडलेल्या मशीनवर ही अडचण नाही. रोज बँकेचे व्यवहार करणाऱ्या मशीनवर जुन्या बोर्डात पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

बसवण्याआधी आणि नंतर

फौंड्रीतल्या पीसीचा हीटसिंक एकदा काढून बघा. पात्यांमध्ये काळ्या वाळूची आणि कोळशाच्या भुकटीची वाकळ बसलेली असते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे आहे तो आय३ सुद्धा आपल्या पूर्ण वेगाने चाललेला नसतो. ब्लोअर मारून, जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली की कधीकधी प्रोसेसरची खरेदीच टळते.

बदलायचाच ठरला तर सॉकेटमधल्या पिनांना बोट लावू नका. एक पीन वाकली की रॅमचा एक स्लॉट गायब होणे, असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात. नवा प्रोसेसर बसल्यावर सीपीयू-झेड उघडा, जड काम अर्धा तास चालू ठेवा आणि वेगाचा आकडा बघत राहा. तो १६०० मेगाहर्ट्झकडे घसरला तर वीज किंवा उष्णता कमी पडते आहे. तेव्हा एक पायरी खालचा प्रोसेसर घ्यावा.

आणि काढलेला आय३-२१०० विकू नका. काही बोर्डांवर बायोसची दुसरी, राखीव चिप असते. पहिली बिघडली तर बोर्ड तिच्यातला जुना बायोस परत चढवतो, आणि त्या जुन्या बायोसला आय७-३७७० पुन्हा अनोळखी होतो. त्या दिवशी मशीन सुरू करायला तोच आय३ लागेल.